गरीबखान्यातून उभी राहिलेली मंडळी

१८३३ साली अहमदनगरात पहिली मराठी ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत गावातले कोणी मातब्बर नव्हते. शहरातल्या इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर त्या वेळी एक गरीबखाना चालत असे. आंधळे, पांगळे, म्हातारे, रोगाने जर्जर झालेले, घरच्यांनी सोडून दिलेले असे लोक तिथे आसऱ्याला होते. त्यांच्यातल्याच काही जणांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते या मंडळीचे पहिले सभासद झाले. त्यांच्या शेजारी प्रभुभोजनाला बसले ते जन्माने ब्राह्मण असलेले बाबाजी रघुनाथ आणि समुद्र ओलांडून आलेले मोजके अमेरिकन. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या काळात या माणसांनी एकाच भाकरीतला तुकडा मोडून घेतला. पहिल्या मंडळीचा इतिहास सांगायला बसलो की मला आधी ही पंगत सांगावीशी वाटते. देवळाची इमारत, मिशनच्या जमिनी, शाळांचे निकाल हे सगळे तिच्या नंतरचे.

शिर्डीहून नगरला जाताना राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी अशी गावे लागतात. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची मुळे दोन-चार पिढ्या मागे गेले की नगरच्या या मंडळीपाशी किंवा तिने खेड्यांत लावलेल्या एखाद्या रोपापाशी पोचतात. म्हणून आपल्या भागातल्या स्मरणिकेत तिचा इतिहास येणे योग्यच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभूने सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची जी आज्ञा दिली, तिच्यासाठीच ही मंडळी जन्माला आली. ती आज्ञा पुढे कोणी, कशी पाळली, एवढेच मला या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात नगरात झाली नाही. १८०६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, विल्यमस्टाउन गावी, काही कॉलेजातली मुले वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत होती. त्या प्रार्थनेतून आशियात सुवार्ता नेण्याचा विचार पुढे आला आणि १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. बोर्डाने पाठवलेल्या पहिल्या तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. दोघांनी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज केले, आपण कोणाच्या आज्ञेने आलो आहोत हे त्यांत स्पष्ट लिहिले, आणि शेवटी राहायची परवानगी मिळवली. अमेरिकन मराठी मिशनचा पाया हा असा परवानगीच्या अर्जांवर घातला गेला.

गॉर्डन हॉल मराठी शिकले, मराठीत बोलू-लिहू लागले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी हात घातला. १८२६ च्या मार्चमध्ये ते घाटावर फिरतीला निघाले आणि नाशिकला पोचले. तिथे पटकीची साथ होती. बरोबरची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि परतीला लागले. वाटेत त्यांनाच पटकी झाली. एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर ते आडवे झाले आणि २० मार्च १८२६ रोजी तिथेच गेले. वय अवघे ४१. जवळ होती ती बरोबर आलेली दोन मुले. ज्यांच्यासाठी आले त्यांच्याच देवळाने त्यांना शेवटचा निवारा दिला, ही गोष्ट नाशिक-नगरच्या ख्रिस्ती माणसाने विसरू नये असे मला मनापासून वाटते. त्याच वर्षी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमधून मराठी नवा करार छापून निघाला.

१८३१ च्या डिसेंबरात अ‍ॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वे हे तिघे नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ होते. नगरच का? मुंबईच्या दमट हवेने मिशनरी एकामागून एक आजारी पडत, मरत. नगरची हवा कोरडी होती, छावणी होती आणि चारी दिशांना खेडी पसरलेली होती. परंतु हवा चांगली म्हणून मृत्यू टळला नाही. हार्वे १८३२ मध्येच गेले. बाबाजी दुसऱ्या वर्षी, मंडळी स्थापन होऊन थोडेच दिवस झाले असताना, पटकीने गेले. पुढे रीड यांनी अमेरिकेत त्यांचे चरित्र छापले. ते वाचले की एक गोष्ट लख्ख दिसते. मिशनऱ्यांचे मराठी अजून अडखळत होते. गरीबखान्यातल्या माणसांशी रोज बोलणारा, त्यांच्या भाषेत समजावणारा, त्यांच्या शंका ऐकून घेणारा माणूस बाबाजीच होता. मंडळीच्या स्थापनेचे श्रेय वाटायचे असेल तर ते त्यांच्या वाट्याला भरपूर गेले पाहिजे. आपल्या जुन्या अहवालांतून ते फारसे गेलेले नाही.

१८३० च्या दशकात हेन्री बॅलंटाइन नगरला आले आणि जवळजवळ तीस वर्षे राहिले. मराठी भक्तिगीतांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. त्यांच्याच पुढाकाराने जून १८४२ मध्ये अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ निघाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वांना ठाऊक आहे, त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. मंडळीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. एक छोटीशी, गरिबांची मंडळी पहिल्या दहा वर्षांत स्वतःचे नियतकालिक काढण्याच्या वातावरणात वाढत होती. वाचायला न येणाऱ्या सभासदाला वाचायला शिकवणे हे तिथे बाप्तिस्म्याच्या तयारीइतकेच गरजेचे मानले जाई. ज्याला शुभवर्तमान स्वतः वाचता येत नाही तो कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहणार, हे त्या लोकांना कळले होते.

आणि इथेच सिंथिया फरार यांचे नाव घ्यावे लागते. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी या एक. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये नगरातच त्यांचा शेवट झाला. नगरला मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्यालाही तसे करावेसे वाटले, हे जोतीराव फुले यांनी स्वतःच सांगितले आहे आणि ‘ज्ञानोदया’ने १८५३ मध्ये ते छापले. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही फरार बाईंकडे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, सावित्रीबाईही झाल्या नाहीत. पण या मंडळीच्या अंगणात सुरू झालेल्या कामाने त्यांच्या हातून जे घडवले ते मी मंडळीच्या इतिहासाचाच भाग समजतो. बी कोणाच्या शेतात उगवेल हे पेरणाऱ्याला ठरवता येत नाही.

आता हरिपंत. हरि रामचंद्र खिस्ती हे नगरचे ब्राह्मण. १८३९ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे भाऊ नारायण हेही याच वाटेने आले. त्या वेळी धर्म बदलणाऱ्याचे घर सुटत असे, नातेवाईक सुटत, वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्कही जाई. हा हक्क राखणारा कायदा १८५० मध्ये झाला, म्हणजे हरिपंतांच्या बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनी. अशा परिस्थितीत टिकलेला माणूस पुढे काय करू शकतो हे १८५४ मध्ये दिसले. त्या वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना नगरात पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीला आपल्यातले, आपल्या भाषेतले पाळक मिळाले. गरीबखान्यातल्या पहिल्या सभासदांपासून इथपर्यंत यायला एकवीस वर्षे लागली. आजच्या हिशेबाने हा काळ लांब वाटेल. मला तो फार थोडा वाटतो, कारण कितीतरी ठिकाणी मिशनरी शंभर वर्षे राहिले तरी स्थानिक माणसाच्या हाती सूत्रे गेली नाहीत.

याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचा आग्रह एकच होता. मंडळ्या लवकर आपल्या पायावर उभ्या राहाव्यात, आपला पाळक आपण पोसावा, आपला कारभार आपण करावा, आपण होऊन सुवार्ता सांगावी. शहरातल्या इंग्रजी शाळांवर पैसा घालण्यापेक्षा खेड्यांत मराठीतून काम करावे, असेही त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी शाळांच्या बाबतीत ते चुकले असे मला वाटते. त्या शाळा बंद झाल्याने एका पिढीच्या संधी हुकल्या, आणि पुढे मिशनला उच्च शिक्षणाचे काम नव्याने हाती घ्यावे लागलेच. पण खेड्यांच्या बाबतीत त्यांच्या आग्रहाने फार मोठे काम झाले. सॅम्युएल फेअरबँक १८५७ मध्ये नेवाशाजवळच्या वडाळ्याला जाऊन राहिले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या आसपास ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहू लागल्या. राहुरीला मिशनचे केंद्र झाले. नगरच्या मंडळीतले सभासद सभासदत्वाचे पत्र घेऊन या नव्या मंडळ्यांत गेले आणि मूळ मंडळीची संख्या घटत गेली. घटलेल्या संख्येचे दुःख कोणी केल्याचे दिसत नाही. दरवर्षी सगळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी ‘ऐक्य’ नावाच्या सभेला एकत्र येत, हिशेब मांडत, पाळकांच्या नेमणुका ठरवत, भांडतही.

खेड्यातले काम कसे चाले? बैलगाडीतून फिरणारा गोरा साहेब वर्षाकाठी थोडे दिवस यायचा. बाकीचे सगळे दिवस गावात असायचा तो मिशनच्या शाळेचा मास्तर. गावाबाहेर महारवाड्यात किंवा मांगवाड्यात एक खोली, शेणाने सारवलेली. दिवसा तिथे पोरांची शाळा, रात्री तेलाच्या दिव्यापाशी मोठ्यांची. अक्षरे, बाराखडी, पाढे, मग शुभवर्तमानातला एखादा दाखला, मग गाणे. रविवारी तीच खोली देऊळ होई. मास्तरच शिक्षक, मास्तरच उपदेशक, कोणाचा कागद वाचून द्यायचा तर मास्तर, कुळकर्ण्याकडे अर्ज लिहायचा तर मास्तर. त्याची बायको बहुधा बायकांना गोळा करून वाचायला शिकवी. घरोघर जाऊन शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्या बायबल बाया तर मंडळीच्या खऱ्या पायपीट करणाऱ्या सेविका. उन्हातान्हात दोन-तीन गावे पायी करायची, कुठे दार लावून घेतले तर पुढच्या दारी जायचे, जिथे बसवून घेतले तिथे धान्य निवडता निवडता वाचून दाखवायचे. मिशनच्या अहवालांत त्यांचा आकडा येतो, नाव क्वचित येते.

आणि कीर्तन. नगर जिल्ह्यातल्या माणसाला व्याख्यानाने फार काळ बसवून ठेवता येत नाही, कीर्तनाने रात्रभर बसवता येते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी हे ओळखले. पेटी, मृदंग, टाळ सगळे तेच. बुवा उभे, मागे झांजकरी. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्राचे किंवा लाजरसाचे आख्यान, मध्ये साक्या, दिंड्या, ओव्या. उधळा पुत्र परत येतो तेव्हा बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली, हे सांगताना बुवांचा आवाज चढायचा आणि ओसरीवर बसलेल्या बायांचे डोळे पुसले जायचे. गावातले जे लोक प्रार्थनेला कधी आले नसते ते कीर्तनाला येऊन बसत. आजही आपल्या काही मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन होते. ते होते तिथे जुने लोक आणि तरुण एकाच सतरंजीवर बसलेले दिसतात. इतर कार्यक्रमांत ते मला फार दिसत नाहीत.

दुष्काळांचे प्रकरण टाळून पुढे जाता येणार नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, या दोन्हींत नगर जिल्हा होरपळला. मिशनने खडी फोडण्याची, विहिरी खोदण्याची कामे काढली, अन्नछत्रे घातली, शेकडो अनाथ मुले सांभाळली. दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. पोटासाठी धर्म घेतला, हा आरोप तेव्हा झाला आणि आजही होतो. आरोपाला उत्तर द्यायचे तर आकड्यांनी देता येत नाही. उपाशी माणूस मदत करणाऱ्याकडे वळतो यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न असतो तो पुढच्या वीस वर्षांचा. त्यानंतर त्याला कोणी शिकवले, त्याच्या मुलांना कोणी उभे केले, तो स्वतः दुसऱ्या कोणाला हात देऊ लागला का? जिथे हे घडले तिथे शिष्य घडले. जिथे बाप्तिस्मा देऊन साहेब पुढच्या गावी गेले, तिथे नाव बदलले आणि माणूस होता तिथेच राहिला. दोन्ही प्रकार आपल्या जिल्ह्यात झाले आहेत आणि स्मरणिकेने दोन्ही लिहावेत.

पुढच्या वीस वर्षांचा विचार करणाऱ्यांत रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे पहिले. मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचेच चिरंजीव. नगरला त्यांनी १८७८ मध्ये पाळक तयार करण्यासाठी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. १८८६ च्या सुमारास ते रजेवर अमेरिकेत असताना एक वादळ उठले. ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचे नाव ऐकलेच नाही, त्यांना मृत्यूनंतर ते ऐकायची संधी मिळेल अशी आशा धरायला वाव आहे, अशा अर्थाचे काही ते अँडोव्हर येथे बोलले. बोर्डातल्या कर्मठांनी त्यांना परत हिंदुस्थानात पाठवायचेच थांबवले. पुष्कळ वाद होऊन अखेर ते परतले. मला ह्यूमसाहेबांची ही बाजू फार मोलाची वाटते. नगरच्या माणसांत राहिल्यामुळे त्यांना या माणसांचे आजे-पणजे नरकात गेले असे सहज म्हणवत नव्हते. ज्याला शिष्य करायचे त्याच्या पूर्वजांचा अपमान करून ते होत नाही, हे ते अनुभवाने शिकले होते. ह्यूमसाहेबांच्याच काळात दुष्काळातल्या मुलांसाठी नगरात हस्तकौशल्याची शाळा वाढली, तिथे सुतारकाम, गालिचे, विणकाम शिकवले जाई. मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी तिथेच सुधारलेला हातमाग तयार केला. मंडळीतल्या कितीतरी घरांत दोन पिढ्या त्या कारागिरीवर जगल्या.

नारायण वामन टिळकांशिवाय नगरच्या मंडळीची गोष्ट पुरी होत नाही. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून त्यांचा प्रवास सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग नगर हेच त्यांचे घर झाले. धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवणे, भजने लिहिणे, ‘ज्ञानोदया’चे काम, दुष्काळातली मुले, सगळे एकाच वेळी. त्यांच्या भजनांनी मंडळीच्या उपासनेचा सूर बदलला. तोवर उपासनेत बहुतेक परक्या चालींवर ओढून बसवलेले शब्द गायले जात. टिळकांनंतर ख्रिस्ती माणूस अभंगात प्रार्थना करू लागला आणि त्याला ती आपली वाटू लागली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र शिष्य घडण्याची खरी गोष्ट आहे, टिळकांपेक्षाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या. परत आल्या तेव्हा सोवळे घेऊन आल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळी भांडी. कोणी त्यांना घाई केली नाही. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत, मिशनच्या आवारात, सगळ्या जातींच्या बायकांत वावरताना त्यांच्या मनात जातीचा प्रश्न आपोआप उभा राहिला आणि त्यांनी तो स्वतःच्या बुद्धीने सोडवला. देवाने जात केलेली नाही हे एकदा पटल्यावर त्यांनी एका दिवसात विटाळ टाकला. १९०० मध्ये राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकांना विनोदासाठी आठवते, ते खरेही आहे. पण मंडळीने ते पुस्तक पाळकांच्या प्रशिक्षणात ठेवावे. माणसाला त्याच्या वेळेने येऊ देणे म्हणजे काय, हे त्यातून शिकायला मिळते.

टिळक स्वतः आयुष्याच्या अखेरीस मिशनच्या चौकटीत मावेनासे झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांची ती बंधुमंडळी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. मंडळीतल्या अनेकांना हे पटले नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, असे त्यांनी विचारले. टिळक ९ मे १९१९ ला गेले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शिल्लक आहे. आपल्या भागात असे पुष्कळ लोक आहेत जे ख्रिस्ताचे नाव घेतात, आजारपणात प्रार्थना मागतात, नाताळला येऊन मागच्या बाकावर बसतात, आणि रजिस्टरमध्ये कुठेच नाहीत. मंडळीने त्यांच्याशी कसे वागावे याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही, पण त्यांना परके मानणे हे उत्तर नक्कीच नव्हे.

जातीचा प्रश्न मंडळीत पूर्ण सुटला असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिल्या पंगतीने जे दाखवले ते सगळ्या मंडळ्यांना, सगळ्या काळात जमले नाही. लग्न जमवताना जुनी जात हळूच विचारली गेली, कबरस्तानातही कधी कधी ती बोलली. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिर्डीपासून फार दूर नसलेल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांच्याकडे आशेने पाहिले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाकडे बारकाईने पाहिले आणि त्यातल्या जातीवर बोटही ठेवले. शेवटी त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला. मंडळीने त्या बोटाकडे पाहून तेव्हाच आपले घर नीट आवरायला हवे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले आणि नगर जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांच्या वाट्याला दोन्हीकडचे नुकसान आले. गावात जुनी जात सुटली नाही, सरकारी कागदावर सवलत राहिली नाही. आजच्या तरुणांच्या मनातली खंत समजून घ्यायची तर ही दोन्ही टोके एकत्र धरावी लागतात.

संघटनेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले, जिल्ह्यातले पहिले महाविद्यालय, आणि ते सुरू करणारा माणूस याच मराठी ख्रिस्ती परंपरेतून आलेला. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन मिशनरी एकेक करून परतले, बाहेरून येणारा पैसा आटला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. शेजारी कॅथलिक बंधूंचे कामही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राहुरी, संगमनेर, राहाता या पट्ट्यात वाढत होते. हरेगावची मतमाउलीची यात्रा आज सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. जुन्या काळी दोन्हीकडचे मिशनरी एकमेकांच्या गावात शिरले की कुरबुर होई. आता नातेवाईक दोन्हीकडे आहेत, मयताला दोन्हीकडचे पाळक येतात.

मिशनरी गेल्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत मंडळीच्या पंचांचा फार वेळ जमिनी आणि इमारतींत गेला. तारखा, वकील, ट्रस्टचे कागद. ज्या जागा दुष्काळातल्या मुलांसाठी घेतल्या होत्या त्या राखणे गरजेचेच आहे. पण एखाद्या पंचसभेच्या इतिवृत्तात दहा विषयांपैकी नऊ जमिनीचे आणि दहावा शब्बाथ शाळेचा असेल, तर क्रम उलटा झाला आहे एवढे नक्की. गेल्या काही वर्षांत हे बदलताना दिसते, आणि बदल आणला तो बहुतेक ठिकाणी स्त्रियांनी. महिला मंडळाच्या घरोघरच्या प्रार्थना कधी बंद पडल्या नव्हत्या. पाळक नसलेल्या काळातही त्या चालू राहिल्या.

शिर्डीकडची परिस्थिती नगरपेक्षा वेगळी आहे. शिर्डी हे लाखो भाविकांचे गाव. इथल्या ख्रिस्ती घरांतली मुले-मुली हॉटेलांत, दवाखान्यांत, शाळांत, साखर कारखान्यांत नोकरी करतात. रविवारी सुट्टी मिळेलच असे नाही, कारण गर्दी रविवारीच असते. उपासनेची वेळ संध्याकाळी ठेवावी लागते किंवा आठवड्यातला दुसरा वार धरावा लागतो. ज्या गावात सगळी वस्ती श्रद्धाळू आहे, तिथे आपली श्रद्धा आपण कशी जगतो हे शेजारी रोज पाहत असतात. इथे उपदेशापेक्षा नर्सच्या रात्रपाळीतली काळजी, हिशेब चोख ठेवणारा कॅशियर, भाडेकरूला न लुबाडणारा घरमालक यांचीच साक्ष पोचते. बाबाजींनी गरीबखान्यात जे केले ते आज एखादी मुलगी रुग्णालयाच्या वॉर्डात करते आहे.

पुढच्या पिढीची तयारी मात्र ढिली पडली आहे. दृढीकरणाचा वर्ग महिनाभरात उरकतो. मुले पुण्याला शिकायला जातात, तिथे एखाद्या नव्या, झगमगीत सभेत जातात किंवा कुठेच जात नाहीत. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. हरिपंतांसारख्या माणसाला पाळक होण्याआधी पंधरा वर्षे कोणीतरी शिकवले, प्रश्न विचारू दिले, सोबत फिरवले. एका मुलामागे एवढी वर्षे द्यायला आपल्यातले कोण तयार आहे, हा प्रश्न पंचांपुढे मांडायला हवा. काही मंडळ्यांनी एक मोठा सभासद आणि एक मुलगा किंवा मुलगी अशा जोड्या लावल्या आहेत. महिन्यातून दोनदा भेटायचे, एकत्र वाचायचे, एकत्र एखाद्या आजाऱ्याकडे जायचे. ही पद्धत जुन्या मास्तरांचीच आहे आणि ती चालते.

या इतिहासात एक मोठी पोकळी राहिली आहे आणि ती भरण्यासाठी वाचकांची मदत हवी आहे. मिशनऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत, मास्तरांची आणि बायबल बायांची नाहीत. घरात जुन्या ट्रंकेत बाप्तिस्म्याचा दाखला, कीर्तनाची वही, शाळेच्या नेमणुकीचे पत्र, पिवळा पडलेला फोटो, हाताने उतरवलेली भजने असतील तर ती टाकू नका. मूळ कागद देऊ नका, फोनवर फोटो काढून पाळकांकडे पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि आजी, पणजी, मास्तर काका यांच्याबद्दल विचारा. नाव, गाव, कोणत्या शाळेवर होते, आणि त्यांनी कोणाला वाचायला शिकवले, एवढे चार ओळींत लिहून आणलेत तरी पुरे. पुढच्या स्मरणिकेत त्यांची पाने आधी असतील.